देठाकडची चकती

चकती चावून झाली, गिळून झाली आणि सवयीप्रमाणे हिराताईंची मान हलली. चांगला आहे दुधी. कडू नाही. मान हलवून त्यांनी विळीकडे हात नेला आणि तो वाटेतच थांबला, कारण दुधीची चकती ताटलीत तशीच होती. देठाकडची, पांढरी, पेढ्याएवढी, त्यांनीच दोन मिनिटांपूर्वी चाखायला म्हणून कापून ठेवलेली. मग तोंडात गेलं ते काय? जीभ दातांमागून फिरवली तेव्हा एक टणक बी लागली. बोटावर घेऊन त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. चपटी, कडेला नक्षी असलेली. कारल्याची. ताटलीच्या दुसऱ्या बाजूला कारल्याच्या चकत्या होत्या, अजून मीठ न लावलेल्या, आणि त्यांतली एक कमी होती. खिडकीबाहेर दोन कावळ्यांचं भांडण चाललं होतं, ते बघता बघता हात भलत्याच बाजूला गेला असणार. तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत मुलांच्या वह्या तपासलेल्या हिराताईंनी कच्चं कारलं चांगलं चावून चावून खाल्लं होतं आणि गोड म्हणून पास केलं होतं.

पहिल्यांदा त्यांना हसूच आलं. लगेच कुणाला तरी बोलावून सांगावं इतकं ते गमतीचं होतं, आणि नेमकं तेच कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. दिवाळीनंतर ताप आला, चार दिवसांत गेला आणि जाताना तोंडाची चव घेऊन गेला, ही गोष्ट त्यांनी सहा महिने एकटीने सांभाळली होती. सुरुवातीला वाटलं, तापाचं तोंड आहे, येईल ठिकाणावर. मग हिवाळा गेला, हरभऱ्याचे डहाळे येऊन गेले, बोरं येऊन गेली, आणि तोंड आपलं मुकं ते मुकंच. चहा म्हणजे नुसतं गरम. ताक म्हणजे नुसतं गार. मिरची जाळायची तेवढी जाळायची, पण ती जळजळ म्हणजे काही मिरचीची चव नव्हे. वाससुद्धा गेला होता. फोडणीशी उभ्या राहिल्या की त्या कानांनी स्वयंपाक करत. मोहरी तडतडायची थांबत आली की जिरं, जिऱ्याचा आवाज बारीक झाला की हिंग. कांदा डोळ्यांनी परतायचा. मीठ सपाट चमच्याने मोजून. आणि शेवटी, हॉलमधून यजमान बाबुराव बघत असतील म्हणून, आमटीचा थेंब तळहातावर घेऊन चाखायचा आणि मोठ्याने म्हणायचं, ‘‘हं, जमली आता.’’ हे नाटक त्यांना इतकं सवयीचं झालं होतं की एखादे दिवशी घरात कुणी नसलं तरी त्या म्हणत, जमली.

सांगितलं का नाही, याला उत्तर नव्हतं असं नाही. लेक बंगळुरात होती, चैताली. तिला कळलं असतं तर फोनवरच फर्मान निघालं असतं, आई, आता पुरे, स्वयंपाकाला बाई लाव. आणि बाई आली असती. आणि मग हिराताईंनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून काय करायचं होतं? वारज्यातल्या विहारात त्यांना मुलं ओळखत ती ‘खीरवाल्या आजी’ म्हणून. दर बुद्ध पौर्णिमेला दुधीची खीर त्यांच्या घरून जायची, आज संध्याकाळीही जायची होती, चाळीस-पन्नास माणसांना वाटी वाटीभर. त्या खिरीत नेमकं काय असतं ते कुणाला सांगता यायचं नाही, पण लोक वाटी पुसून खायचे. हे सगळं आपल्या जिभेवर उभं आहे आणि जीभच गेली आहे, हे उघड बोलायचं म्हणजे आपल्या हातानेच आपलं नाव खोडायचं. दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथं शील आलं, खोटं बोलणार नाही ते, की हिराताईंचा आवाज थोडा खाली जायचा. शेजारची बाई म्हणायची, ताई, घसा बरा नाही का? त्या म्हणायच्या, हो ना. म्हणजे तिथेही आणखी एक खोटं.

गच्चीवर मात्र जिभेचं काम नव्हतं. पाण्याच्या टाकीमागचा कोपरा सोसायटीने तीन मीटिंगा भांडून त्यांना दिला होता, तोही ‘स्लॅब गळल्यास जबाबदारी आपली राहील’ असं लिहून घेऊन. तिथे निळे ड्रम अर्धे कापून ठेवले होते, फळवाल्याच्या जुन्या क्रेट होत्या, एक फुटका टब होता. त्यात भेंडी, पोकळा, दोन वांगी, कारल्याचे वेल आणि टाकीच्या शिडीवर चढवलेला दुधी. मे महिन्यात सहा वाजताच ऊन पायरीवर येऊन बसलेलं असतं, म्हणून त्या साडेपाचलाच वर जात. भेंडीचं टोक मोडून बघायचं, कट्‌ वाजलं तर कोवळी. वाकलं तर राहू द्यायची बियाणाला. पोकळा मुळासकट उपटायचा नाही, वरचा शेंडा खुडायचा, म्हणजे आठ दिवसांत पुन्हा तयार. दुधीच्या सालीवर लव हाताला लागली पाहिजे आणि नख सहज रुतलं पाहिजे. ही सगळी माहिती बोटांत होती आणि बोटांना ताप आला नव्हता. संध्याकाळी दुधीची पांढरी फुलं उमलली की नरफूल खुडून त्या मादीफुलावर फिरवत, कारण चार मजल्यांवर भुंगे येतातच असं नाही. सहा महिन्यांत मन हलकं व्हायचं ते तेवढ्या तासभरात. आजही टोपलीत दोन दुधी, कारली, भेंडी आणि पोकळ्याची जुडी घेऊन त्या जिना उतरल्या तेव्हा चक्क गुणगुणत होत्या.

त्यांनी कारल्याची बी ताटलीच्या काठावर ठेवली. आणि मग ते आठवलं. हसू कुठच्या कुठे गेलं. काल संध्याकाळी याच वेलाचा पहिला दुधी त्यांनी वरच्या मजल्यावरच्या निकिताला दिला होता. देठाकडची चकती कापून, चाखून.

ही चकती आईची. लोणी काळभोरला आई दुसऱ्यांच्या मळ्यात भाजी खुडायला जायची. दिवस संपला की मळेवाली कधी तरी एखादा दुधी, दोन काकड्या हातावर ठेवायची, घे गं, पोरांना होतील. रस्त्यात आई त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. घरी आली की चुलीपुढे बसून आधी देठाकडची चकती कापायची, जिभेवर ठेवायची, आणि चारी पोरं तिच्या तोंडाकडे बघत बसायची. कितीदा ती थू करून थुंकायची आणि अख्खा दुधी उकिरड्यावर जायचा. मळ्यातला कडू निघालेला वेल लोकांना बरोबर माहीत असायचा. टाकायचा तर आहेच, मग देऊन टाका, नावही होतं. हिरा सात-आठ वर्षांची होती तेव्हा तिला हे कळलं नव्हतं, तिला वाटायचं दुधीच वाईट. पुढे आईने परसात स्वतःचा वेल लावला आणि वस्तीत दुधी वाटायला लागली, तेव्हा ती एकही अख्खा दुधी कुणाला द्यायची नाही. आधी चकती कापायची, चाखायची, आणि मग द्यायची. हिराने विचारलं होतं, आये, त्यांच्या घरी नेऊन ते चाखतीलच की. तेव्हा आई म्हणाली होती, ‘‘आपल्याला जशी शंका यायची तशी आपल्याकडनं घेणाऱ्याला यायला नगं.’’ एवढंच. तेव्हापासून त्या घरून निघालेल्या दुधीला देठ नसतो. बिनदेठाचा दुधी म्हणजे आम्ही चाखलाय, डोळे मिटून खा.

आणि हिराताईंनी काल निकिताला तसाच सांगून दिला होता. ‘‘देठ कापलेला दिसला ना, की समजायचं काकूंनी चाखलाय. तू बिनधास्त खा.’’ चाखला होताच त्यांनी. जिभेवर काही आलं नाही. काही आलं नाही म्हणजे कडू नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. सहा महिने ज्या जिभेवर काहीच येत नव्हतं तिची साक्ष काढली होती त्यांनी. हे इतकं सरळ होतं की काल ते कसं दिसलं नाही याचंच त्यांना नवल वाटलं. आणि दिसलं नाही असं तरी कसं म्हणायचं? देताना क्षणभर हात अडला होता. पण पोरगी दारात उभी होती, ‘‘वॉव काकू, तुमच्या गार्डनचा?’’ म्हणत होती, आणि तिच्या डोळ्यांत ते कौतुक बघायला हिराताईंना फार बरं वाटत होतं.

वेलाला गेल्या आठवड्यात पाण्याचा ताण बसला होता. मांजरी गावात भाच्याचं लग्न होतं, चार दिवस तिकडेच राहणं झालं, आणि ज्याला पाणी घालायला सांगितलं होतं त्या वॉचमनने एकदाच घातलं. आल्या तेव्हा पानं पडली होती. उन्हाने तापलेला, पाणी न मिळालेला दुधी कडवट निघू शकतो, हे आईच सांगायची. आणि ही पोरगी दुधी शिजवून खाणार नव्हती. ती रोज सकाळी दुधीचा रस काढून प्यायची, पुदिना घालून, उभ्या उभ्या. कडू दुधीच्या रसाने ओकाऱ्या होऊन माणूस दवाखान्यात गेल्याची बातमी वर्षा-दोन वर्षांनी पेपरात येतेच, बाबुराव ती मोठ्याने वाचून दाखवतात. त्या बातम्यांतली माणसं अडाणी नसतात. कडू लागलं तरी ती पितात, कारण औषधी आहे असं त्यांना वाटतं. निकिताही नाक दाबून पिईल. काकूंनी चाखलाय ना.

हिराताईंनी गॅस बंद केला. गॅसवर काहीच नव्हतं, बटण आधीच बंद होतं, तरी त्यांनी ते पुन्हा दाबून बघितलं. मोबाइल घेऊन निकिताला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा पुन्हा लावला, दहा-अकरा वेळा. मग चप्पल न घालताच त्या बाहेर पडल्या. हॉलमध्ये बाबुराव पेपर तोंडासमोर धरून बसले होते, ते पेपराआडूनच म्हणाले, ‘‘आग लागली आहे का?’’

निकिताच्या दाराला दुधाची पिशवी लटकत होती. साडेसात वाजून गेले होते आणि पिशवी बाहेरच. बेल वाजवली. आत ती वाजल्याचं स्पष्ट ऐकू आलं आणि त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही. पिशवीवर पाण्याचे थेंब होते, म्हणजे दूध येऊन फार वेळ झालेला नव्हता. की झाला होता? हिराताईंनी पिशवीला हात लावला. गार होती अजून. पण गार-गरम तेवढंच कळतं आपल्याला, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी दारावर थाप मारली, हाक मारली. समोरच्या दाराला कुलूप होतं, सुट्टी होती सगळ्यांना. मग त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. एकटी राहणारी पोर, आई-बाप साताऱ्याला. आत बाथरूममध्ये पडली असली तर? चावी कुणाकडे असेल? आणि तिच्या आईला फोन करून सांगायचं ते कसं, की मी दुधी दिला, मी चाखून दिला? सात-आठ वर्षांची हिरा चुलीपुढे आईच्या तोंडाकडे बघत बसली होती, आणि आईला काही समजतच नव्हतं, ती नुसती चावत होती, चावत होती, आणि मान हलवत होती. असं कधी झालं नव्हतं. पण हिराताईंना ते डोळ्यांसमोर अगदी घडल्यासारखं दिसलं, आणि त्यांना रडू आलं ते निकितासाठी की आईसाठी हे त्यांचं त्यांना कळेना. जिन्यात कुणाच्या तरी घरातून पोह्यांची फोडणी आली असणार, कारण आवाज येत होता. वास काही येत नव्हता.

त्या उठल्या ते एकदम. खाली ताटलीत दुधी होता. त्याच वेलाचा, तोच उन्हाळा सोसलेला. तो कडू असेल तर निकिताचाही असणार, आणि मग दार फोडायचं, वॉचमनला बोलवायचं, ॲम्ब्युलन्स बोलवायची. तो गोड असेल तर निदान श्वास घेता येईल. आता एका जिभेची गरज होती फक्त. आणि एक जीभ खाली हॉलमध्ये पेपर वाचत बसलेली होती.

अडतीस वर्षांत त्या जिभेने हिराताईंना एक दिवस सुखाने जेवू दिलं नव्हतं. बाबुराव पाटबंधारे खात्यात होते, आणि पानावर बसले की, ‘‘आमटी म्हणून आहे की आम्ही पाटात सोडतो ते हे?’’ पोळी चिवट झाली तर, ‘‘छान टिकाऊ आहे, चपलेला तळ लागायचाच आहे.’’ कधी काही सापडलं नाही तर म्हणायचे, ‘‘आज विशेष नावं ठेवण्यासारखं नाही,’’ आणि ते ऐकून हिराताई दिवसभर खूश असायच्या, कबूल न करता. आणि तेच बाबुराव या हिवाळ्यापासून गप्प जेवायला लागले होते. पानातलं सगळं खायचे, पाणी प्यायचे, उठायचे. हिराताईंनी ते स्वतःचं प्रमाणपत्र समजलं. मोजून-मापून केलेला स्वयंपाक इतका बिनचूक होतो की बाबुरावांनाही बोलायला जागा उरत नाही. पण मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना ते लागायचंही. आपल्या हातचं खाऊन हा माणूस आता बोलतही नाही. म्हातारा झाला, की आपल्याकडे त्याचं लक्षच राहिलं नाही, याचा त्या भांडी घासताना विचार करत.

‘‘अहो,’’ हिराताई दारातूनच म्हणाल्या, ‘‘जरा आत या.’’

‘‘कुठे?’’

‘‘स्वयंपाकघरात. हे चाखायचंय. देठाकडची आहे. कडू लागली तर लगेच थुंका, गिळू नका.’’

बाबुरावांनी पेपर खाली ठेवला. विहारात जायचा पांढरा शर्ट आत्तापासूनच इस्त्री करून अंगात चढवलेला होता. चष्म्यावरून त्यांनी बायकोकडे बघितलं. अनवाणी पाय, लाल डोळे. ‘‘तू नाही चाखलीस?’’

आणि ते निघून गेलं तोंडातून, ‘‘मला चव कळत नाही. दिवाळीपासून. तापापासून. काहीच कळत नाही. मी आत्ता कारलं खाल्लं आणि मला कळलं नाही. आणि काल त्या निकिताला मी या वेलाचा दुधी दिला, चाखलाय म्हणून सांगून, आणि ती दार उघडत नाही.’’ हे सगळं त्या एका दमात बोलल्या, शाळेत एखादं पोर बाकाखालून बाहेर येऊन बोलतं तसं, मान खाली घालून.

बाबुराव उठले, आत गेले, उभ्यानेच ताटलीतली चकती उचलली. तोंडात टाकली. त्यांची कवळी जरा सैल होती, चावताना बारीक आवाज यायचा. हिराताई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. चुलीपुढे बसल्यासारख्या बघत होत्या. बाबुरावांनी डोळे मिटले. मग उघडले. मग दुसऱ्या दुधीकडे बोट दाखवलं. हिराताईंनी त्याचीही चकती कापली. तीही त्यांनी सावकाश चावली.

‘‘सांगा ना!’’

‘‘थांब. घाईने सांगायची गोष्ट नाही.’’ त्यांनी गिळलं. पाणी प्यायले. ‘‘गोड आहेत. दोन्ही. म्हणजे दुधी जेवढा गोड असतो तेवढा, त्याच्याकडून फार अपेक्षा नको.’’

हिराताई खाली फरशीवर बसल्या. ओट्याला पाठ लावून, पाय लांब करून. बाबुरावांनी पेला त्यांच्या हातात दिला आणि स्वतः स्टुलावर टेकले. या स्टुलावर ते घर घेतल्यापासून बसले नव्हते.

‘‘भाऊबीजेनंतरच्या रविवारी,’’ ते म्हणाले, ‘‘आमटीत दोनदा मीठ पडलं होतं. तू तळहातावर घेऊन चाखलीस आणि म्हणालीस, जमली. तेव्हाच मला कळलं.’’

हिराताईंनी मान वर केली. ‘‘तुम्हाला माहीत होतं?’’

‘‘मग? महिनाभर पिठलं अळणी. संक्रांतीच्या गुळपोळीत तर तू मीठ घातलंस की काय अशी शंका होती. खाल्ल्या. सात.’’

‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘तू सांगशील म्हणून थांबलो.’’

‘‘सहा महिने?’’

‘‘पाटबंधाऱ्यात होतो. सहा महिने म्हणजे आमच्याकडे काही नाही.’’ ते थोडा वेळ हातातल्या चष्म्याची काडी उघड-मीट करत राहिले. ‘‘आणि नावं तरी कशी ठेवू? तुला कळत असताना ठेवायचो तेव्हा ती भांडणं तरी होती. तुला कळतच नाही आणि मी बोलायचं, हे काही बरं दिसलं नसतं.’’

हिराताई रडत होत्या, पण ते रडणं मघाचं नव्हतं. त्या गुळपोळ्या त्यांना दिसत होत्या, एकावर एक, आणि पानावर न बोलता बसलेला हा माणूस. भांडी घासताना केलेले सगळे विचार आता परत करून टाकावेसे वाटत होते. लक्ष नाही म्हणे. इतकं लक्ष होतं की तोंड बंद ठेवलं होतं. आणि आपण एकटीनेच हे ओझं वाहतोय असं समजत होतो आपण, तेव्हा दुसरं टोक कुणी तरी धरून चाललेलं होतं. अंग इतकं हलकं वाटत होतं की उठावं हेही सुचेना.

फोन वाजला. निकिता.

‘‘काकू? तुमचे अकरा मिस्ड कॉल! काय झालं? काकांना काही?’’

‘‘तू कुठे आहेस?’’

‘‘टेकडीवर. रनिंगला. फोन सायलेंट होता. साडेपाचलाच निघाले मी.’’

‘‘दुधी प्यायलीस?’’

‘‘हो, निघायच्या आधी. एकदम मस्त होता, मी मेसेज करणारच होते. का?’’

‘‘कडू नव्हता?’’

‘‘कडू? नाही काकू. गोडसर होता. काकू, तुम्ही रडताय का?’’

‘‘नाही,’’ म्हणाल्या हिराताई, आणि मग, बाबुरावांकडे बघत, ‘‘हो. ऐक निकिता. मला चव कळत नाही. सहा महिने झाले. कालचा दुधी मी चाखला तो न चाखल्यासारखाच. यापुढे आमच्याकडून काहीही आलं, देठ कापलेला असो नसो, तू स्वतः आधी जिभेला लावून बघायचं. कडू लागलं की थुंकायचं.’’ दुसऱ्यांदा सांगताना ते पहिल्यापेक्षा कितीतरी सोपं गेलं.

‘‘काकू, माझीही गेली होती. कॉलेजमध्ये असताना, वायरलनंतर. आठ महिने. मला वाटलं आता लाइफटाइम असंच. मग एके दिवशी अचानक कोथिंबीर आली. तुम्ही डॉक्टरला दाखवलंत का?’’

‘‘सोमवारी दाखवणार आहे,’’ बाबुराव स्टुलावरून मोठ्याने म्हणाले. फोनचा स्पीकर चालू नव्हता, पण निकिताचा आवाज साऱ्या स्वयंपाकघरात ऐकू येत होता.

मग खीर झाली. दोन्ही दुधी हिराताईंनी सोलले, किसले, पिळून तुपावर परतले. किसाचा पाण्याचा आवाज बसला आणि तुपाचा सुरू झाला, तेव्हा दूध घातलं. कारल्याच्या चकत्यांना मीठ लावून ठेवलं दुपारसाठी. त्यांतली एक त्यांनी मुद्दाम पुन्हा जिभेवर ठेवून बघितली. काही नाही. पण आज त्या काही नाहीचं भय वाटलं नाही, आजारपणाचं वाटतं तेवढंच वाटलं. बाबुराव स्टुलावरून हलले नव्हते. पेपर इथेच आणून वाचत होते, मधूनच दुधाकडे बघत होते आणि ‘‘लागेल खाली,’’ असं एकदा म्हणालेही. हिराताईंनी चैतालीला संध्याकाळी फोन करायचं ठरवलं. विहारातही सांगायचं ठरवलं, खीर वाटायच्या आधी, की या वर्षी चाखली आहे ती यांनी. लोक हसतील. हसू देत.

दूध आटून सायीवर आलं, साखर पडली, वेलदोडा पडला. हिराताईंनी पळी घेतली, सवयीने स्वतःचा तळहात पुढे केला, आणि मग तो मागे घेतला. ‘‘हात पुढे करा.’’

बाबुरावांनी पेपर मांडीवर ठेवून तळहात पुढे केला. थेंबभर खीर त्यावर पडली. ‘‘भाजेल,’’ ते म्हणाले. फुंकर घातली. चाटली. डोळे मिटले. हिराताई पळी हातात धरून उभ्या होत्या. सहा महिन्यांत पहिल्यांदाच आपण केलेलं काही तरी कसं झालंय हे त्यांना खरोखर कळणार होतं.

‘‘साखर कमी आहे,’’ बाबुराव म्हणाले.

‘‘नेहमीएवढीच घातली आहे. मापाने.’’

‘‘कमी आहे म्हणजे कमी आहे. दुधीच्या खिरीला म्हणून बसलो होतो, ही दुधीची आमटी निघाली.’’

‘‘तुम्हाला काय कळतं हो गोडातलं?’’

‘‘सध्या तुझ्यापेक्षा बरं कळतं.’’

हिराताई हसल्या. इतक्या हसल्या की पळी ओट्यावर ठेवावी लागली आणि पदराने डोळे पुसावे लागले. मग त्यांनी साखरेचा डबा काढला, आणखी दोन वाट्या घातल्या, खीर ढवळली आणि पुन्हा पळी भरून घेतली.

‘‘आता बघा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि नीट चाखा. उगीच नावं ठेवू नका.’’

बाबुरावांनी हात पुढे केला.